शेवटचं वर्ष: अभ्यास, छंद आणि मैत्रीचे हंगाम कसे आखावेत

शेवटच्या वर्षाला गेलेल्या मुलामुलींना तीन ठिकाणी तीन सल्ले मिळतात. घरात सांगतात, एवढं एक वर्ष सगळं बंद कर आणि अभ्यासाला बस. कॉलेजात सांगतात, फॉर्म भरा, मुलाखतीची तयारी करा, पुढचं बघा. कट्ट्यावर सांगतात, 'भावा, हे दिवस परत येत न्हाईत.' तिन्ही सल्ले खरे आहेत आणि त्रास होतो तो त्यामुळेच. तिघांचंही रोज थोडं थोडं ऐकायला गेलं की अभ्यास अर्धवट, तालीम अर्धवट आणि मित्र नाराज.

कोल्हापुरातल्या कॉलेजात शिकवताना मला एक गोष्ट पटत गेली आहे. रोजच्या दिवसाची तीन सारखी वाटणी कुणालाच जमत नाही आणि तिची गरजही नसते. आपल्याकडे उसाचा हंगाम असतो, फुटबॉलचा असतो, तसे वर्षभरात अभ्यासाचे, छंदाचे आणि मित्रांचेही हंगाम असतात. कुठल्या महिन्यात कशाला पुढं ठेवायचं हे आधी ठरवा, ते संबंधितांना सांगा आणि उरलेल्या दोन्ही गोष्टी थोड्या प्रमाणात का होईना, चालू ठेवा. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते पुढं क्रमानं लिहिते. उदाहरणं बीए, बीकॉम, बीएस्सीची आहेत. इंजिनिअरिंगवाल्यांनी त्यात प्लेसमेंटच्या तारखा मिळवून घ्याव्यात.

पहिली पायरी: वर्षाचा एक कागद

मोठा कागद घ्या, कॅलेंडरच्या मागची कोरी बाजूही चालेल. जुलै ते जून असे बारा चौकोन पाडा. मोबाइलमधलं कॅलेंडर आठवण करून द्यायला ठीक आहे, पण अख्खं वर्ष एका नजरेत दिसायला भिंतीवरचा कागदच लागतो.

आधी कॉलेजच्या तारखा लिहा: इंटर्नल, सबमिशन, प्रॅक्टिकल, वायवा, सेमिस्टर परीक्षा. नेमक्या तारखा उशिरा कळतात, म्हणून अंदाजे आठवडा पेन्सिलीनं लिहा. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे आणि दुसरीची उन्हाळ्यात, एवढं गृहीत धरता येतं. विषय राहिला असेल तर त्याचा पेपर वेगळ्या रंगानं लिहा. तो राहिलेला विषय शेवटच्या वर्षाचा सगळा आराखडा बिघडवू शकतो, त्यामुळं तो डोळ्यांसमोर असलेला बरा.

मग प्रवेश परीक्षा. आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएसाठीची कॅट साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटाला असते. एमटेकसाठीची गेट आणि एमएस्सीसाठीची जॅम फेब्रुवारीत येतात, पण त्यांचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, आणि अनेकांची संधी अभ्यासाआधी इथंच हुकते. राज्याच्या एमबीए, लॉ, बीएडच्या सीईटी मार्चपासून पुढं असतात. एकाच वर्षी चार परीक्षांच्या मागं लागू नका. एक मुख्य आणि एक पर्यायी, एवढ्याच लिहा.

आता कोल्हापूरचं स्वतःचं कॅलेंडर. बाहेरच्या कुठल्याही वेळापत्रकात हे सापडणार नाही, म्हणून इथं जरा थांबते.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा वाढते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथल्या पोरांना तोंडपाठ असतं. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा भागातून अप-डाऊन करणाऱ्यांसाठी पाणी रस्त्यावर आलं की कॉलेज बंद पडल्यासारखंच. म्हणून या दोन महिन्यांत लायब्ररीची पुस्तकं आणि प्रॅक्टिकलचं जर्नल घरी ठेवा, नोट्सचे फोटो फोनमध्ये साठवा आणि शहरात दोन-चार दिवस कुणाच्या रूमवर राहता येईल ते आधीच विचारून ठेवा. पाणी इशारा पातळीकडं जाऊ लागलं की ठरवायचं: घरी थांबून लेखनकाम उरकायचं की शहरात मुक्काम करायचा. मैत्रीचा खरा उपयोगही अशाच वेळी होतो.

त्यानंतर गणपती, नवरात्र, ललिता पंचमीची त्र्यंबोली यात्रा, दसरा चौकातलं सीमोल्लंघन. हे सगळं पहिल्या सेमिस्टरच्या उत्तरार्धात येतं. मंडळात काम करत असाल तर गणपतीचे दहा-बारा दिवस अभ्यास होणार नाही हे आत्ताच मान्य करा आणि त्या चौकोनात तसं लिहा. न होणारा अभ्यास वेळापत्रकात दाखवला की नुसती अपराधीपणाची भावना वाढते. त्याऐवजी गणपतीच्या आधीचा आठवडा जड ठेवा.

हिवाळ्यापासून शाहू स्टेडियमवर फुटबॉल सुरू होतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या पेठांतल्या तालीम मंडळांच्या संघांच्या लढती असल्या की पेठेतलं पोरगं घरात बसत नाही, आणि बसवूही नये. पण हा हंगाम उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरच्या पोटात जातो. आपल्या तालमीचे सामने बघायचे आणि बाकीचे सोडायचे, एवढा निर्णय डिसेंबरातच घ्या. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, ती नेमकी परीक्षेच्या तोंडावर येते. सासनकाठीचा, म्हणजे यात्रेत नाचवल्या जाणाऱ्या उंच सजवलेल्या काठीचा मान घरात असेल तर त्या दोन दिवसांची भरपाई आधी करून ठेवा.

शेतकरी घरातल्यांनी ऊसतोडीचे, लावणीचे, भांगलणीचे दिवसही लिहावेत. घरच्या कामाला वेळ द्यावा लागतोच. तो कागदावर आला की मगच मोजता येतो.

दुसरी पायरी: आठवड्याचे खरे तास

आठवड्याला 168 तास. पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या गावाहून रोज एसटीनं येणाऱ्या मुलीचा हिशेब मांडू. झोप रोज 7 तास धरली तर 49. कॉलेज सहा दिवस, रोज 6 तास, म्हणजे 36. येण्याजाण्यात, स्टँडवर थांबण्यात रोज अडीच तास, म्हणजे 15. जेवणखाण, आंघोळ, घरातली कामं रोज 3 तास, म्हणजे 21. झाले 121. उरले 47.

या 47 मध्ये अभ्यासाला 20, छंदाला 6, मित्रमैत्रिणींना 6, घरच्या जादा कामाला 5 असे 37 लागतात. 10 तास मोकळे राहतात आणि ते मोकळेच ठेवा. बस चुकते, पाहुणे येतात, अंग दुखतं, एखाद्या दिवशी नुसतं पडून राहावंसं वाटतं. वेळापत्रक मोडतं ते बहुतेक असे तास न ठेवल्यामुळं. शहरात राहणाऱ्याचा प्रवास आठवड्याला तीन तासांवर आला तर त्याच्याकडं बारा तास जास्त उरतात. तो अप-डाऊन करणाऱ्याच्या नोट्स झेरॉक्स करून ठेवू शकतो, हेही लक्षात असू द्या.

अभ्यासाचे 20 तास असे: प्रत्येक पेपरला आठवड्यातून एकदा दोन तासांची बैठक, पाच पेपर धरले तर 10. प्रोजेक्टला 5. प्रवेश किंवा स्पर्धा परीक्षेला 5. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तासांचं अध्यापन असतं. म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला 60 तास तुम्ही वर्गात बसलेलेच असता. तिथं नीट लक्ष दिलं तर घरी दोन तास पुरतात. वर्गात मागच्या बाकावर रील बघायच्या आणि रात्री जागायचं, हा सगळ्यात महागडा व्यवहार आहे.

दोन तासांच्या मधला ऑफ पीरियडही मोजा. प्रॅक्टिकल साडेअकराला संपलं आणि पुढचा तास साडेबाराला, तर मधला तास चहाच्या टपरीवर जातो. आठवड्यातून तीन असे तास लायब्ररीत घातले तर घरी गेल्यावर तेवढे कमी बसावं लागतं. उरलेले टपरीवरच घालवा. त्या गप्पा मित्रांच्या सहा तासांत धरा.

तिसरी पायरी: एकच छंद, आणि तो कुठल्या दर्जानं

शेवटच्या वर्षी चार छंद चालत नाहीत. एक निवडा. निवडताना स्वतःला विचारा की मला हे यंदा स्पर्धेच्या पातळीवर करायचंय की फक्त सुटू द्यायचं नाही. या दोन्हींना लागणारा वेळ अगदी वेगळा आहे.

नाटकाचं उदाहरण घ्या. एकांकिकेत मुख्य भूमिका असेल तर महिनाभर रोज संध्याकाळी चार-चार तास तालीम चालते आणि शेवटच्या आठवड्यात रात्रीचं भान राहत नाही. आठवड्याच्या सहा तासांत हे बसणार नाही. मग एक तर तो महिना कागदावर नाटकाचा हंगाम म्हणून लिहा आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या महिन्यात अभ्यास जास्त धरा. नाहीतर यंदा भूमिका न घेता प्रकाशयोजना, संगीत किंवा रंगभूषा असं थोड्या दिवसांत उरकणारं काम घ्या. ग्रुपही सुटत नाही आणि शिकायलाही नवं मिळतं. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात जाणार असाल तर कॉलेजकडून हजेरीच्या सवलतीचं पत्र जाण्याआधी घ्या. परत आल्यावर ते मिळवायला फार फेऱ्या होतात.

फुटबॉल किंवा कुस्ती करणाऱ्यांचं वेगळं आहे. शरीराचा सराव एकदम तोडला तर परत जागेवर यायला कित्येक आठवडे जातात. तुमच्या प्रशिक्षकांना किंवा वस्तादांना परीक्षेच्या तारखा आधी लिहून द्या आणि त्या काळात सकाळचा एकच वेळ ठेवता येईल का ते विचारा. बहुतेक वस्ताद ऐकून घेतात. न सांगता गैरहजर राहिलेलं मात्र त्यांना खपत नाही.

गाणं, तबला, चित्रकला हे रोज वीस मिनिटांवर टिकतात. रियाज कमी झाला तर गायकी पुढं सरकणार नाही, पण गळा बसणारही नाही. परीक्षेच्या महिन्यात एवढं पुरे.

भटकंतीवाल्यांची वेळ चांगली जुळलेली आहे. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती 1660 च्या जुलैमधल्या त्या रात्रीच्या आठवणीत जुलैच्या पावसातच होते, आणि तेव्हा सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं असतं. मनात काही न ठेवता जा. डिसेंबरनंतरचे लांबचे ट्रेक मात्र एका रविवारी उरकणारे निवडा.

जमत असेल तर छंद प्रोजेक्टमध्ये आणा. छायाचित्रणाची आवड असलेल्या बीकॉमच्या मुलाला कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या कारागिरांच्या खर्च-उत्पन्नावर प्रोजेक्ट करता येतो. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यानं कारागिराच्या हातात काय फरक पडला हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. फुटबॉलवेड्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला तालीम मंडळांवर काम करता येईल. हुपरीची चांदी, इचलकरंजीचे यंत्रमाग, गावोगावची गुऱ्हाळं हे सगळं तासाभराच्या अंतरावर आहे. फक्त हंगाम बघा. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात. सप्टेंबरात प्रश्नावली घेऊन गेलात तर थंड चुलाण बघून परत याल. विषय ऑगस्टअखेर पक्का करा, माहिती जानेवारीपर्यंत गोळा करा आणि गाइडला दर पंधरा दिवसांनी दोन पानं दाखवत राहा. शेवटच्या आठवड्यात प्रोजेक्ट घेऊन येणाऱ्याला कुठलाच गाइड मदत करू शकत नाही.

चौथी पायरी: मित्रांना वेळ आणि शब्द

मैत्री तुटते ती बहुतेक वेळा वेळ कमी मिळाल्यानं तुटत नाही. 'बघू', 'येतो', 'फोन करतो' म्हणून न आल्यानं तुटते. म्हणून आठवड्यातली एक ठरलेली वेळ ठेवा. शनिवारी संध्याकाळी रंकाळ्यावर दीड तास, किंवा रविवारी सकाळी गंगावेशीत दूध पिऊन पंचगंगा घाटापर्यंत चालत. ती वेळ सगळ्यांना माहीत असली की रोज 'कुठं हाईस?' विचारावं लागत नाही.

नकार देताना पर्यायी वेळ त्याच वाक्यात द्या. 'भावा, शुक्रवारपर्यंत सबमिशन हाय, जमत न्हाई बघ. शनिवारी साडेसहाला रंकाळ्यावर यायलोय, तू बी ये.' एवढं सरळ बोललं की कुणाला राग येत नाही. आणि मग शनिवारी साडेसहाला खरोखर जा.

पोरींच्या बाबतीत संध्याकाळच्या कट्ट्याचा सल्ला कित्येकदा लागू पडत नाही. सातच्या आत घरात, शेवटची बस, घरची कामं हे सगळं असतं. त्यांनी आपली बैठक दिवसा बसवावी: बुधवारचा ऑफ पीरियड, डबा खायची वेळ किंवा महिन्यातून एकदा कुणा एकीच्या घरी दुपार. घरच्यांना मैत्रीण ओळखीची झाली की पुढची परवानगी सोपी जाते. ज्या मुलांच्या ग्रुपमध्ये मुली आहेत त्यांनी भेटीची वेळ ठरवताना हे धरावं. रात्री नवाला मिसळीचा बेत करून 'त्या येत नाहीत' म्हणणं बरं नव्हे.

अभ्यासाचा मित्र, खेळाचा मित्र आणि मनातलं बोलायचा मित्र एकच असेल असं नाही. अभ्यासाला दोघं किंवा तिघंच बसा. एकानं एक प्रकरण दुसऱ्याला समजावून सांगायचं आणि मागच्या तीन-चार वर्षांचे पेपर वाटून सोडवायचे. पाच जण जमले की गप्पा सुरू होतात. त्या जरूर करा, फक्त त्या वेळेला अभ्यास म्हणू नका.

यंदा आणखी एक अवघड गोष्ट घडणार आहे. ग्रुपमधल्या एकाला नोकरी लागेल, एकीचं लग्न ठरेल, एक पुण्याला क्लासला जाईल, एकाचा विषय राहील. ज्याचं झालं त्याला आनंद दाबावा लागतो आणि ज्याचं राहिलं तो ग्रुपवर बोलायचा बंद होतो. तो गप्प झालेला ओळखा. त्याला ग्रुपवर 'काय झालं?' विचारू नका. एकट्याला फोन करा, चहाला न्या, निकालाचा विषय त्यानं काढला तरच बोला. पार्टीचा खर्च ठरवताना मेसचे पैसे महिन्याच्या शेवटी जेमतेम भागवणारा कुणी असतो, त्याला न विचारता वर्गणी लावू नका.

पाचवी पायरी: घरच्यांशी बोलणं

पहिल्या पायरीचा कागद इथं सर्वांत उपयोगी पडतो. 'मला फुटबॉल सोडायला लावू नका' असं म्हटलं की वाद होतो. कागद समोर ठेवून म्हणा, 'पप्पा, हे बघा, परीक्षेआधीचे पाच आठवडे ग्राउंड बंद ठेवलंय. डिसेंबरात मात्र मला सकाळी सोडा.' आई-वडिलांची भीती मूल भरकटण्याची असते. आपल्या मुलानं वर्षाचा विचार केलाय हे दिसलं की ती बरीच कमी होते. कामाचे दिवसही याच वेळी ठरवून घ्या: लावणीला दोन दिवस नक्की येईन, पण इंटर्नलच्या आठवड्यात बोलवू नका. दिलेला शब्द एकदा पाळला की दुसऱ्या वेळी मागणं सोपं होतं.

सहावी पायरी: अभ्यासाची जागा

घरी टीव्ही आणि माणसं असतील तर घरी बसायचा हट्ट नको. कॉलेजची लायब्ररी, पेठेतली किंवा गावातली अभ्यासिका, जिथं फोन पिशवीत राहतो ती जागा. 1850 पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आपल्या शहरात आहे. एकदा तरी सभासद होऊन बघा, अवांतर वाचनाचा छंद असेल तर जास्तच. एसटीत उभं राहून पुस्तक वाचायचा प्रयत्न करू नका. स्वतःच्या आवाजात मुद्दे रेकॉर्ड करा आणि प्रवासात ऐका. परत येतानाची बस मात्र गाण्यांसाठी राखून ठेवा.

सातवी पायरी: रविवारची वीस मिनिटं, आणि मोडलं तर काय

दर रविवारी रात्री कागदासमोर बसा. मागच्या आठवड्यात काय राहिलं आणि येत्या आठवड्यात पहिला मान कुणाचा, एवढंच ठरवा. राहिलेलं सगळं पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. त्यातलं एक घ्या, बाकीचं सोडून द्या.

आठवडा अंगावर आलाच तर काटछाट या क्रमानं करा: आधी फोनचा वेळ, मग सिनेमा-वेबसीरिज, मग छंद रोज वीस मिनिटांवर, मग मित्रांची भेट अर्ध्या तासावर. झोप सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमानं जाणारी मुलं मी परीक्षेच्या हॉलमध्ये बघते. आलेलं उत्तर त्यांना आठवत नाही.

दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण नको वाटत असेल, सगळ्यांपासून दूर जावंसं वाटत असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवा. एका विश्वासाच्या माणसाशी आणि कॉलेजच्या समुपदेशकांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मित्राच्या बाबतीत अशी शंका आली तर त्याच्या शेजारी बसून तुम्हीच नंबर लावून द्या.

शेवटचे दोन महिने आणि परीक्षेनंतरचा एक

परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत अभ्यासाचे 20 तास 30 वर न्या. हे दहा तास मोकळ्या वेळेतून आणि छंदातून येतील. मित्रांची ठरलेली वेळ मात्र लहान करून टिकवा. पेपर झाल्यावर उत्तरं ताडून बघत बसू नका, पुढच्या पेपरचं पुस्तक उघडा.

शेवटचा पेपर झाला की लगेच कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, कुणी गावी जातं. म्हणून भेटीचा दिवस शेवटच्या पेपरनंतर ठरवण्यापेक्षा हॉल तिकीट मिळेल तेव्हाच ठरवून टाका. कागदपत्रांची कामंही मिळून करा. दाखला, गुणपत्रकं, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. कॉलेजच्या ऑफिसात आणि विद्यापीठात जाताना ग्रुपमधल्या दोघांनी सगळ्यांची यादी घेऊन जावं आणि कुणाला स्वतः हजर राहून सही करावी लागते ते आधी विचारून घ्यावं. बाहेरगावी गेलेल्याची एक फेरी त्यामुळं वाचते. ज्याचा निकाल अडकलाय त्याचा अर्जही त्याच दिवशी, त्याच खिडकीवर भरून घ्या.